आत्याच्या गावचं ऊन

सिंगापुरात, क्लेमेंटीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एसी होता, पण तो कधी लागला नाही. घरमालकाने चाव्या देताना रिमोट टीव्हीखालच्या खणात ठेवला होता. आम्ही ते घर सोडलं तेव्हाही तो तिथेच होता, प्लास्टिकच्या पिशवीत. कारण बाबा थंडीतून घरी येत. जुरोंगकडे एक अवाढव्य थंड गोदाम होतं, मासे, कोंबड्या आणि वाटाण्याच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलेलं. तिथे उणे पंचवीस अंशांचा गारठा अखंड टिकवून ठेवायचं काम बाबांकडे होतं. रेफ्रिजरेशन इंजिनिअर. बारा महिने घामाने निथळणाऱ्या त्या शहरात माझे बाबा रोज सकाळी लोकरीचं बनियन घालून बाहेर पडत, आणि बसस्टॉपवरचे लोक त्यांच्याकडे टक लावून बघत. संध्याकाळी ते परत आले की त्यांच्या कपड्यांना एक वास असे, ओल्या पुठ्ठ्याचा आणि बर्फाचा. बर्फालाही वास असतो हे मला बाबांमुळे कळलं.

त्या घरातले आवाज अजून माझ्या कानात आहेत. मागच्या पुलावरून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, जाई तेव्हा भांड्यांच्या रॅकमधल्या वाट्या एकमेकींना हळूच लागत. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दुपारी मैत्रिणींबरोबर माहजाँग खेळत. त्या सोंगट्या टेबलावर घुसळल्या जायच्या तो आवाज छतातून झिरपत यायचा, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुठेतरी खूप लांब समुद्र शिंपल्यांशी खेळतोय. पहाटे कोकीळ ओरडायचा. आमच्या ब्लॉकसमोरच्या झाडावरचा तो पक्षी इतक्या जीव तोडून ओरडायचा की आई चिडून खिडकी लावून घ्यायची. आई पुण्याची, बाबा नागपूरकडचे. आई म्हणायची कोथिंबीर, बाबा म्हणायचे सांबार. हा वाद लग्नापासून चालू होता आणि तो मिटवायची दोघांनाही घाई नव्हती. आई विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायची. त्या पेशींना ठरल्या वेळी खाऊपिऊ घालावं लागे, म्हणून रविवार नाही, दिवाळी नाही. भल्या सकाळी पहिल्या बसने ती निघून जायची आणि ओट्यावर आमच्यासाठी झाकून ठेवलेलं काहीतरी असायचं. पोहे, नाहीतर रात्रीचा गोळाभात फोडणी देऊन. बाबांसाठी तो करायला ती शिकली होती, आणि सांगते, नागपूरच्या बायकांपेक्षा चांगला करायची.

बाबा संध्याकाळी आले की आल्याचा चहा स्टीलच्या ग्लासात ओतून घेत. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून खिडकीपाशी बसत. चटका बसेल इतका गरम ग्लास ते तसाच धरून ठेवत, आणि मला त्याचं कौतुक वाटे. बाबांचे हात किती कणखर, असं मी मनाशी म्हणे.

मी चौदा वर्षांची होते. जूनच्या सुट्टीत एका सकाळी आई गेल्यावर बाबांनी त्यांच्या खोलीतून हाक मारली, "पला, जरा ये गं." माझं नाव उत्पला, पण घरात सगळे पलाच म्हणत. बाबा आरशासमोर उभे होते. शर्टाची सगळी बटणं उघडी. "हे वरचं लाव जरा. बोटं झोपलीत अजून." मी हसून लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. मग वरच्या बटणाबरोबर खालचीही आली, आणि आठवड्याभरात तो आमचा नेमच झाला. आई गेली की मी बाबांची बटणं लावायची, मग घड्याळाचा पट्टा बांधायचा, मग बुटांच्या नाड्या. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर त्यासाठी मी वीस मिनिटं लवकर उठू लागले. "आईला सांगू नको हं," बाबा म्हणाले होते, "ती उगाच काळजी करेल." मला ते गुपित आवडलं होतं. माझी आणि बाबांची एक वेगळी खोली असावी आणि तिची किल्ली फक्त माझ्याकडे असावी, तसं काहीसं.

पण हळूहळू त्या गुपिताची मला भीती वाटू लागली. बाबांच्या बोटांची टोकं कधी कधी मेणबत्तीसारखी पांढरी पडत. एकदा फूड सेंटरमध्ये त्यांच्या हातातून चमचा पडला आणि तो पडल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. आईने वर बघितलं. "निसटला," बाबा म्हणाले, आणि मी लगेच नवा चमचा आणायला पळाले, म्हणजे विषय तिथेच संपावा. मी त्यात तरबेज झाले होते. त्यांच्यासाठी दार उघडायचं, दुधाची पिशवी कापायची, संत्रं आधीच सोलून ठेवायचं. आईला वाटायचं मुलगी किती प्रेमळ झालीय. आमचा पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दिलेला होता. बाबा आजारी पडले तर त्यांचं काम जाईल, काम गेलं तर कामाचा पास जाईल, पास गेला तर शाळा, मैत्रिणी, हे घर, सगळंच. मी अंथरुणात पडल्या पडल्या ही साखळी पुन्हा पुन्हा ओढून बघायची, आणि ती कुठेच तुटत नसे.

नोव्हेंबर संपता संपता सिंगापूरच्या पावसाने मुक्काम ठोकला. दिवसामागून दिवस आभाळ खिडकीपर्यंत खाली उतरलेलं. बाहेर बांबूवर घातलेले कपडे वाळेनात आणि घरभर दमट वास. त्या दिवसांत बाबांची बोटं जास्तच पांढरी पडायची. एका संध्याकाळी जेवताना ते एकदम म्हणाले, "ताईकडे जाऊन येऊ या का? ओमानला. दोन आठवडे ऊन खाऊन येऊ."

आईने आमटी वाढता वाढता त्यांच्याकडे बघितलं. "असं मध्येच?"

"मध्येच काय, वैशाली? पाच वर्षं बोलावतेय ती. इथे गोदामात हिवाळा, बाहेर हा पाऊस. हाडं गारठलीत माझी."

"मग जा तुम्ही दोघं. माझ्या पेशींना कुठे सुट्टी आहे?" आई म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं की हायसं, ते मला ओळखता आलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की आम्ही खरोखरच ऊन खायला चाललोय. बाबा कशासाठी निघाले होते हे मला नंतर कळलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सुमेधा. तिने लग्न केलं नव्हतं. मस्कतपासून चार तास आत, वाळवंटाच्या कडेला वसलेल्या एका छोट्या गावच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. फोनवर तिचा आवाज इतका मोठा असायचा की बाबा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत. "या नं!" ती ओरडली होती. "इथं ऊनच ऊन आहे बाप्पा. जाताना पोतंभर घेऊन जा!"

त्या प्रवासाचं मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतं, स्वप्नासारखं. विमानाच्या खिडकीतून दिसलेली तांबूस, सुरकुतलेली जमीन. दवाखान्याच्या गाडीचा सरळ, न संपणारा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा 'काहीच नाही' पाहत होते. सिंगापुरात नजर नेहमी कशाला तरी जाऊन अडते, इमारतीला, झाडाला, माणसाला. इथे ती निघाली की परत येतच नव्हती. मध्येच एक उंट रस्त्याच्या कडेला उभा होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा, आणि मागच्या काचेतून तो ठिपक्याएवढा होईपर्यंत मला दिसत राहिला. आत्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती, पांढऱ्या गणवेशात, डोळ्यांवर हात धरून. तिने आधी मला पोटाशी धरलं, मग बाबांना. बाबांचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले तेव्हा बाबांनी ते हळूच सोडवून घेतले. मी ते पाहिलं. तिनेही पाहिलं असावं.

दवाखान्यामागे तिचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आत बुद्धाची ओंजळीएवढी मूर्ती, भिंतीला टेकवलेला ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि जिन्याने वर गेलं की सपाट, पांढरी गच्ची. आमचे दिवस त्या गच्चीवर गेले. सकाळी हवेत गारवा असे, पण ऊन अंगावर पडलं की ते कातडीखाली उतरे, आणखी आत, हाडांपर्यंत. तसं ऊन मी नंतर कुठेच पाहिलं नाही. सिंगापूरचं ऊन ओलं, चिकट असतं. हे कोरडं होतं, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखं. आत्या ड्यूटीवर जाण्याआधी भाकऱ्या थापायची. त्यांचा थपथप आवाज गच्चीवर यायचा, त्यामागून झुणक्याचा वास, आणि मग ताटात भाकरीशेजारी मूठभर खजूर, कारण तिच्या मते खजुराशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. बाबा खाटेवर उताणे पडून डोळे मिटत. हात छातीवर नाही, दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे आभाळाकडे. तासाभराने त्यांची बोटं गुलाबी दिसायला लागत. मी शेजारी पुस्तक घेऊन बसे आणि एक पान दहादा वाचे. दुपारची अजान त्या निर्जन शांततेवरून वाहत यायची. वेळ पुढे सरकतोय असं वाटायचंच नाही. गावाच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या होत्या, सकाळी पिवळ्या, संध्याकाळी गुलाबी. रोज संध्याकाळी मला वाटायचं की आई इथे आली तर आपण परत जायलाच नको.

आणि त्या सगळ्या सुखात एक गोष्ट सारखी घडत होती. आत्या घरी आली, चपला काढून गच्चीवर येऊन बसली की बाबा उठून बसत. "ताई," ते म्हणत.

"काय रे?"

मग ते एक खजूर उचलून तोंडात टाकत. "खजूर चांगला आहे."

असं तीनदा तरी झालं असेल. शेवटी आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या बापाला झालं काय गं? आठ दिवसांत माझ्याशी फक्त खजुराबद्दल बोललाय." मी खाली मान घालून पुस्तकात बघत राहिले.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. दवाखान्याचे ड्रायव्हर खमीसभाई आम्हाला गाडीने वाळूत घेऊन गेले. पन्नाशीचे, पांढऱ्या झग्यातले, नक्षीदार टोपी घातलेले. हिंदी त्यांना छान यायची, मुंबईच्या माणसासारखं. दुपार कलली होती. एका टेकडीच्या आडोशाला त्यांनी वाळक्या काटक्या पेटवल्या, आणि निखाऱ्यांत लांब चोचीची पितळी किटली ठेवली. कॉफीत वेलची घातल्यावर सगळं वाळवंट वेलचीचं झालं. आम्ही सतरंजीवर बसलो होतो. वारा वाळूच्या वरच्या थराला हलकेच पुढे ढकलत होता, आणि आमच्या पावलांचे ठसे आमच्यादेखत पुसले जात होते.

कॉफी उकळली. "मी देतो, मी देतो," म्हणत बाबा पुढे झाले. ताईला आपल्या हाताने कप द्यावा, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल. त्यांनी किटलीचा दांडा धरला आणि उचलली. दांडा निखाऱ्यांच्या बाजूला होता. खमीसभाईंच्या हातात जाड फडकं तयार होतं, ते देण्यासाठी ते वळतच होते. "अरे, छोड़ो! छोड़ो!" ते ओरडले. बाबा त्यांच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, पाहुण्याने काम करू नये म्हणून ते आग्रह करतायत. ते शांतपणे पहिला कप भरू लागले. मला आधी कातडी भाजल्याचा वास आला. आत्याने झेप घेतली आणि त्यांच्या हातावर जोरात फटका मारला. किटली वाळूत पडली, कॉफी सांडली, आणि वाळूने ती एका क्षणात पिऊन टाकली.

बाबा आपल्या तळव्याकडे बघत होते. तिथे लाल पट्टा उमटला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची एकही खूण नव्हती. होती ती फक्त शरम. आत्याने बाटलीतलं पाणी त्या हातावर ओतलं, ओततच राहिली. पण ती भाजलेल्या जागेकडे बघत नव्हती. तिने एकेक बोट उलगडून पाहिलं, मग दुसरा हात मागून घेतला, त्याचीही बोटं पाहिली.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक. तो आवाज तिच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मीच बोलावं, अशी ती नजर होती.

"शर्टाची बटणं मी लावते," मी म्हणाले. "जूनपासून."

आत्याने मान हलवली. खमीसभाईंनी आम्हाला घरी सोडलं. तिने बाबांच्या हाताला मलम लावून पट्टी बांधली, आम्हाला वरणभात वाढला, आणि लवकर झोपायला सांगितलं.

सकाळी गच्चीवर तिने बाबांना खुर्चीत बसवलं. मला खाली जायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी कठड्याशी उभी राहिले. ती कापसाची वात घेऊन आली होती. "सदरा काढ. डोळे मीट. शिवलं की सांग." तिने पाठीवर, दंडांवर, पायांवर चट्टे शोधले. कोपराच्या मागे बोट घालून शीर चाचपली, मग मानेशी, कानामागे. तिचे हात इतके सरावाने फिरत होते की मला एकदम आठवलं, ओमानला येण्याआधी आत्याने सात वर्षं विदर्भातल्या एका कुष्ठरोग दवाखान्यात काढली होती. बाबा हातावर "हो", दंडावर "हो", पाठीवर "हो" म्हणत होते. बोटांच्या टोकांवर वात फिरली तेव्हा ते गप्प राहिले. दहाही बोटांवर गप्प.

आत्याने वात खाली ठेवली. "उघड डोळे. आनंदा, तुला काय वाटलं होतं?"

बाबांनी सदरा पुन्हा अंगावर ओढला. मग म्हणाले, "थोरल्या बाबांसारखं."

थोरले बाबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. त्यांच्याबद्दल मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. गावाने आमच्या लोकांना वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि थोरल्या बाबांची बोटं झडू लागल्यावर आमच्या लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवलं. ओढ्यापलीकडे एक खोपटं होतं. त्यांना भाकरी नेऊन द्यायचं काम सात वर्षांच्या बाबांकडे होतं.

"दगडावर भाकरी ठेवायचो आणि पळायचो, ताई. ते आतून म्हणायचे, थांब नं बाळा, नाव तरी सांग, कोणाचा तू? मी कधीच थांबलो नाही. एकदाही नाही." बाबांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा वाटलं, आलं आपल्याही वाट्याला. डॉक्टरकडे गेलो असतो तर कागदावर आलं असतं. पास गेला असता. वैशालीनं ताट वेगळं केलं असतं तर? मी तुझ्याकडेच आलो होतो. तुला विचारायला. पण तोंडच उघडेना."

आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "नीट ऐक. हे ते नाही. अंगावर चट्टा नाही, शिरा सुजलेल्या नाहीत, आणि दोन्ही हातांच्या फक्त टोकांना आहे. थंडीनं झालंय हे. हातमोजे काढतो नं तू आत?"

"बारीक स्क्रू असतात. जाड हातमोज्यांनी फिरत नाहीत."

"मग झालं तर. आज आमच्या डॉक्टरांनाही दाखवू." मग तिचा नेहमीचा मोठा आवाज परत आला. "आणि असतं ते, तरी काय रे? गोळ्या आहेत. माझ्या हातून किती माणसं बरी होऊन घरी गेली. वर्षभर गोळ्या खायच्या आणि लग्नात नाचायचं. इंजिनिअर झाला, सिंगापूरला गेला, आणि अजून त्या दगडापाशीच उभा आहे तू. काहून नाही सांगितलं मला?"

बाबा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते रडणं मोठ्या माणसाचं नव्हतंच. आत्या त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि ऊन आमच्या तिघांवर सारखंच पडत होतं.

डॉक्टरांनी दुपारी तेच सांगितलं. वारंवारच्या थंडीने बोटांच्या टोकांच्या नसा दुखावल्या आहेत, थंडीपासून दूर राहा, पुष्कळसं परत येईल, सगळं येईलच असं नाही. त्यांनी बाबांच्या कंपनीसाठी पत्र लिहून दिलं. निघायच्या दिवशी आत्या बाबांना म्हणाली, "गेल्या गेल्या वैशालीला सांग. मी फोन करणार नाही. ते तुझ्याच तोंडून जायला पाहिजे." बाबांनी मान डोलावली.

आणि परत येऊन आठवडा झाला तरी त्यांनी सांगितलं नाही. हाताच्या पट्टीबद्दल आईला कॉफीच्या किटलीची गंमत सांगितली गेली, फक्त गंमत. पत्र बॅगेत राहिलं. गोदामात सध्या आत जात नाही, एवढंच ते मला हळू आवाजात म्हणाले. मी सकाळी बटणं लावत राहिले. पण आता मला राग यायला लागला होता. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं, तरी गुपित तसंच होतं आणि ते मीच सांभाळत होते. आज बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या आसपास पोचल्यावर मला त्यांचं समजतं. इतके महिने एखादी भीती पोसल्यावर ती गेली असं स्वतःला पटायलाही वेळ लागतो. चौदाव्या वर्षी मात्र मला एवढंच कळत होतं की त्यांनी आत्याला दिलेला शब्द मोडलाय.

जानेवारीतल्या एका रविवारी आईला चक्क सुट्टी मिळाली. पाऊसही नव्हता. "पुलाउ उबीनला जाऊ," ती म्हणाली, "सायकली चालवू. तुम्ही वाळवंट बघून आलात, मला निदान बेट तरी बघू द्या." चांगीच्या धक्क्यावर बोट बारा माणसं जमेपर्यंत थांबली आणि मग डिझेलचा धूर सोडत, ठकठकत निघाली. बेटावर पत्र्याच्या छपरांची जुनी घरं, अंगणात कोंबड्या, माडांमधून जाणारे अरुंद रस्ते. भाड्याच्या सायकली गंजक्या होत्या, आणि आई लहान मुलीसारखी घंटी वाजवत पुढे चालली होती. बाबा सावकाश, अगदी सावकाश चालवत होते. मी त्यांच्या मागे. माझी नजर त्यांच्या हातांवर.

मग एक चढ लागला, आणि त्याच्या माथ्यावरून लांबलचक उतार. बाबा माथ्यावर सायकलवरून उतरले. आई थोडं पुढे जाऊन थांबली, वळली. "चल ना आनंद! काय झालं?"

बाबा उताराकडे बघत होते. "वैशाली," ते म्हणाले, "मला ब्रेक दाबलेला कळत नाही."

आई हसली. "म्हणजे? सैल आहे का? बदलून आणू या."

"ब्रेक चांगला आहे. माझी बोटं..." आणि तिथेच, सायकलला टेकून उभं राहून, त्यांनी सगळं सांगितलं. गोदामातले हातमोजे, जून महिना, थोरले बाबा, किटली, आत्याची कापसाची वात. मध्ये थांबले नाहीत. आईने तिची सायकल गवतात आडवी टाकली आणि परत चढून आली. त्यांचे हात हातात घेऊन बोटांची टोकं एकेक करून दाबली, प्रयोगशाळेत काहीतरी तपासत असल्यासारखी. "इथे? आणि करंगळीला? ही पण?" बाबा उत्तरं देत होते. "ताट वेगळं करीन असं वाटलं तुला? मी?" ती म्हणाली. मग आई एकदम थांबली. "पण मग रोज सकाळी बटणं?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

आईचा चेहरा असा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "चौदा वर्षांची आहे ती, आनंद."

"मला भीती वाटत होती."

"आणि तिला? तिला नव्हती वाटत?"

मला बोलायचं नव्हतं, तरी बोलले. "मला वाटलं, मी सांगितलं तर आपल्याला इथून जावं लागेल. आणि ते माझ्यामुळे होईल." एवढं म्हटलं आणि माझा बांध फुटला. सात महिन्यांचं सगळं त्या रस्त्यावर आलं. आईने मला घट्ट धरलं. बाबा जवळ आले, त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं, पला." बाबांनी कोणाची अशी माफी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते पत्र त्यांच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. म्हातारे चिनी गृहस्थ होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आपल्या सिंगापुरी लकबीत म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस, लाह?" इतकंच. महिन्याभरात बाबा वरच्या कंट्रोल रूममध्ये आले, जिथून थंडी नुसती आकड्यांत दिसते. त्या वर्षी आम्हाला पीआर मिळाला. आठ बोटं परत आली. दोन करंगळ्या आजही बधिर आहेत. पुढे एकदा बाबा गावी गेले, ओढ्यापलीकडची ती जागा शोधली, आणि तिथे तासभर नुसते बसून आले.

पण त्या रविवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. उताराच्या माथ्यावर आईने ओढणीने माझं तोंड पुसलं. माझी सायकल उचलून सरळ केली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

"तू जा पुढे," ती म्हणाली. "आम्ही दोघं चालत येतो."

"पण बाबांना..."

"बाबांना मी आहे. तू जा. थांबू नकोस आमच्यासाठी."

मी बाबांकडे बघितलं. ते मान हलवत होते, जा, जा. मी पेडलवर पाय ठेवला आणि उतारावर स्वतःला सोडून दिलं. वारा कानांत शिरला, माड दोन्ही बाजूंनी मागे पळायला लागले, एक कोंबडी कलकलाट करत आडवी गेली, आणि मी ओरडले, काय ते आठवत नाही. उतार संपल्यावर रस्ता समुद्राकडे वळत होता. तिथे लाकडी धक्क्यावर मी सायकल लावली आणि पाण्यात पाय सोडून बसले. पलीकडच्या किनाऱ्यावर मलेशिया दिसत होता, निळसर, झोपेत असल्यासारखा. मी पिशवीतली बिस्किटं काढली आणि एकटीने सगळा पुडा संपवला. आई-बाबांना यायला जवळजवळ तास लागला. त्या तासात मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.